खोतबाईंचा पत्रा

रेवा, परवा तू फोटो पाठवलास. काचेच्या भांड्यात भाजलेला पांढुरका थर, त्यावर निळीजांभळी फळं, कडा तपकिरी. खाली लिहिलं होतंस, 'आज्जी, कॉटेज चीज बेक. भरपूर प्रोटीन. सकाळी गरम गरम खाते.' तुझ्या भावाने, ईशानने, लगेच विचारलं की असलं काही तुमच्या वेळी होतं का. मी 'छान दिसतंय' एवढंच कळवलं, कारण फोनवर लांबलचक लिहायला मला जमत नाही. आता टेबलाशी बसून नीट लिहिते. हो, होतं. आम्ही त्याला पत्रा म्हणत असू, आणि तो खोतबाईंचा होता.

खोतबाई आमच्या शाळेत व्यायाम शिकवायच्या. मुलींची शाळा, कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेतली. मी तिथे इंग्रजी शिकवत असे, आणि शाळेचं वेळापत्रकही मीच करत असे. माझं कपाट तुम्ही पाहिलं आहे. वेळापत्रकही तसंच होतं, प्रत्येक चौकोनात एक नाव, कुठे खाडाखोड नाही. त्या चौकोनांत कधीच न मावलेलं माणूस म्हणजे खोतबाई.

शिक्षकांच्या खोलीत प्रत्येकीची खुर्ची ठरलेली होती. खोतबाईंच्या खुर्चीवर त्यांची पिशवी बसायची. त्या चहा उभ्याने प्यायच्या. भाकरीवर भाजी पसरून तिची गुंडाळी करायच्या आणि खिडकीशी उभ्या राहून, मैदानावर नजर ठेवून खायच्या. बोलायला लागल्या की चालायला लागायच्या, म्हणजे ऐकणारीनेही चालायचं. त्यांच्याशी जिथे बोलणं सुरू झालं तिथेच ते संपलं असं मला एकदाही आठवत नाही. खोलीत सुरू झालेला विषय जिन्यात तापायचा आणि पाण्याच्या टाकीपाशी संपायचा. गळ्यात शिटी कायम. आमच्या चित्रकलेच्या बाईंच्या मुलीच्या लग्नात जरीच्या साडीवरही ती लटकत होती. मी खुणेनं दाखवली तर म्हणाल्या, "आयला, काढायची ऱ्हायलीच की!" पण काढली नाही.

एकदा मी जरा चिडूनच म्हटलं, "खोतबाई, बसा हो दोन मिनिटं. मला गरगरायला लागलंय."

"बूड टेकलं की गंज चढतो, इनामदारबाई."

"माणसाला नाही चढत."

"आमच्या चंदगडात चढतो. आमच्याकडं पाऊस येत न्हाय, मुक्कामाला ऱ्हातो. चार म्हैनं दार लावून चुलीपुढं बसायचं. भिंतीला ओल, कपड्याला वास, आन् आई सारखी, बस गं, बस गं, बस गं. तेवढं बसणं मला जन्माला पुरलं." हे सांगेपर्यंत त्या दारापर्यंत पोचल्या होत्या.

त्यांच्या कबड्डीच्या मुली सकाळी उजाडता उजाडता मैदानावर यायच्या. पोटात काय, तर कपभर चहा. आई अजून उठलेली नसायची, नाहीतर देवपूजा व्हायची असायची. मुली धावायच्या, दम घ्यायच्या आणि मग वर्गात माझ्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपायच्या. मी तक्रार केली. खोतबाई म्हणाल्या, "झोपल्यात न्हाय त्या, विझल्यात."

मग त्यांनी अंडी आणून पाहिली. त्यात आपल्याकडचे वार आडवे आले. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार, मध्येच चतुर्थी. त्यांच्यातल्या सुवर्णाला तर सगळेच वार सारखे. तिच्या घरी अंड्याचं नावही काढत नसत. मग त्यांनी दूध आणलं. कोल्हापुरात दुधाला काय तोटा? पण पेलाभर म्हशीचं दूध पिऊन कबड्डी खेळणारी मुलगी काय करते हे मैदानानं पाहिलं आणि शिपायाला धुवावं लागलं.

"घट्ट पायजे," त्या म्हणाल्या. "चावायला लागंल असं. गरम पायजे. आन् हातात धरून खाता आलं पायजे, ताटवाट्या कोण घासत बसतंय?"

तुम्हाला माहीत नसेल, तेव्हा घरोघरी ओव्हन नव्हते. दिवाळीत आम्ही नानकटाईचं पीठ मळून बेकरीत न्यायचो. बेकरीवाला ती आपल्या पत्र्यांवर मांडून भट्टीत भाजून द्यायचा. आमच्या शाळेमागे उस्मानभाईंची बेकरी होती. पहाटेचे पाव बाहेर पडले की भट्टीत आग नसे, पण धग बराच वेळ राही. ती धग वाया जाते हे खोतबाईंना बघवेना.

उस्मानभाई म्हणाले, "बाई, माझी भट्टी काय शाळा हाय व्हय? घंटा झाली की उघडायची?"

"घंटा नगं, शिटी वाजवतो की," खोतबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी खरंच बेकरीच्या मागच्या दाराशी शिटी वाजली. उस्मानभाईंची सारी आळी उठली.

असा पत्रा सुरू झाला. आदल्या संध्याकाळी दूध लिंबू पिळून फोडायचं, चोथा फडक्यात बांधायचा. सकाळी त्यात रवा, गूळ, कुस्करलेली केळी आणि त्यांच्या गावाकडच्या काजूचा चुरा. सगळं पत्र्यावर थापायचं, वरून चिकूच्या फोडी दाबायच्या आणि भट्टीत सरकवायचं. मुली सराव संपवून येईतो वरचा पापुद्रा तांबूस झालेला असे, आत मऊ, चिकूचा रस कडेला चिकटून काळपट. एकदा सीताफळ घातलं. ते तापलं की कडू होतं हे त्या दिवशी कळलं. मुलींनी तोंडं वाकडी केली. खोतबाई म्हणाल्या, "खावा, औषध समजून." स्वतः मात्र चाखला नाही. त्या कधीच चाखत नसत. तुकडे वाटत फिरायच्या. चौकोनी तुकडे, हातात मावतील एवढे, फुंकर मारत खायचे. पहिल्या तासाला कोणी झोपेनासं झालं. मी वेळापत्रकात तो चौकोन केला नाही, पण मनात होता.

सुवर्णा दहावीत होती. तिच्या घरचं किराणा दुकान, माणसं सीमेकडची, घरात अर्धं कानडी बोलणं. उंच, सडपातळ, लांब हाताची मुलगी. चढाईला गेली की मैदान गप्प व्हायचं. पण तिच्या वडिलांचा विचार ठरलेला होता. दहावी झाली की शिक्षण बास. एक चांगलं स्थळही नजरेत होतं. खोतबाई दुकानात जाऊन त्यांच्याशी भांडल्या. काऊंटरपुढे तीनदा इकडून तिकडे गेल्या तेव्हा वडील म्हणाले, "बाई, तुम्ही आदी थांबा, गिऱ्हाइक बिचकाय लागलंय." शेवटी त्यांनी शब्द दिला. नवरात्रात मोठे सामने होते, तिथे राज्याच्या शिबिरासाठी मुली निवडणार होते. सुवर्णाचं नाव आलं तर कॉलेजात घालीन. नाही आलं तर बाईंनी पुन्हा दुकानाची पायरी चढायची नाही.

"ठरलं," खोतबाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्यांच्या पायांना आणखीच चाकं लागली.

सामने सातव्या माळेला होते. नवरात्रात कोल्हापुरात काय असतं हे तुम्हाला फोटोत दिसणार नाही. अंबाबाईचं गाव. घरोघरी घट बसतात, अखंड दिवा असतो, बायका आणि मुली नऊ दिवस उपवास करतात, कित्येकजणी अनवाणी फिरतात. मुख्याध्यापिका काळजीत पडल्या तेव्हा खोतबाई म्हणाल्या, "अनवाणी तर त्या खेळत्यातच. देवीला तेवढं चालंल. उपवासाचं मी बघतो." आणि त्यांनी बघितलंही होतं. रवा काढला, राजगिऱ्याचं पीठ घेतलं, दाण्याचं कूट वाढवलं, साजूक तूप लावलं. पहिल्या माळेला पत्रा आला तेव्हा त्या अशा पाहत होत्या की जणू सामना जिंकलाच.

मुली पत्र्याभोवती उभ्या राहिल्या. कोणी हात पुढे केला नाही.

"काय गं? राजगिरा हाय. चालतंय उपासाला."

मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी सुवर्णा म्हणाली, "बाई, दूध नासीवलेलं हाय न्हवं?"

"मग?"

"घट बसल्यात बाई. नासकं न्हाय चालत."

खोतबाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं गावात राहून, पूजाअर्चा पाहून मलाही ते सुचलं नव्हतं. एरवी महिनोन् महिने खाल्लेली वस्तू त्या नऊ दिवसांत वेगळी होते. त्यांच्या चंदगडच्या घरी असं काही पाळत नसावेत. त्या म्हणाल्या, "आन् त्या भट्टीचं?" सुवर्णा खाली बघत म्हणाली, "तिथं अंड्याची बिस्किटं भाजत्यात." त्या दिवशी पत्रा उस्मानभाईंच्या कामगारांनी खाल्ला.

मुली केळी आणि साबुदाण्यावर खेळत राहिल्या. घरी उपवासाचं जे काही होई, तेवढंच पोटात जाई. सुवर्णा तर आजीसारखा एकवेळचा उपवास करत होती. तिसऱ्या माळेला चढाईला गेलेली ती मधल्या रेषेवर थांबली, हात पुढे केला आणि तशीच बसली. मग आडवी झाली. वडील येऊन तिला घेऊन गेले. जाताना एवढंच बोलले, "सामना-बिमना काय न्हाय आता."

खोतबाईंनी मला मोपेडवर मागे बसवलं. मी नको म्हणत होते, पण त्यांना सोबत माझ्या पांढऱ्या केसांची हवी होती. त्या वेळी ते नुकतेच पांढरे व्हायला लागले होते. पेठेतल्या गल्ल्यांतून त्या अशा निघाल्या की मी देवीचं नाव घेतलं. वाटेभर त्या पाठमोऱ्याच बोलत होत्या. निम्मं वारा नेत होता, निम्मं मला कळत होतं. "वडील न्हाय, आजी... घरात आजीचं चालतंय... अव्वा म्हणत्यात तिला..."

अव्वा दुकानामागच्या सोप्यात, म्हणजे पडवीत, दाणे निवडत बसल्या होत्या. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, पाठ ताठ. सुवर्णा आत झोपली होती. देवघरात घटाजवळ दिवा तेवत होता. खोतबाई दारातूनच सुरू झाल्या. शिबिर, कॉलेज, पोरीचं रक्त, हाडं, कसं चालायचं, आजी, तुम्हीच सांगा. बोलता बोलता सोप्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

अव्वांनी सूप खाली ठेवलं. "कुंदर्री. बसा."

"व्हय, बसतो. पर मी काय म्हणतो..."

"बसल्याबगर मी बोलत न्हाय."

खोतबाई थांबल्या. समोर पाट होता. त्या पाटाकडे त्यांनी तसं पाहिलं, जसं मुलींनी सीताफळाच्या पत्र्याकडे पाहिलं होतं. मग त्या बसल्या. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.

"आता बोला. काय पायजे?"

"पोरीच्या पोटात काय तरी घट्ट जायला पायजे. दुधाचंच. सामन्यापतोर. तुमचा उपास मोडायचा न्हाय मला."

"दिवा तेवतोय आन् पोरीच्या पोटात नासकं?"

"म्हणून तर आलो."

अव्वा पुन्हा दाणे निवडायला लागल्या. खोतबाईंचा गुडघा हलत होता. आतून सुवर्णा कूस बदलल्याचा आवाज आला. मग अव्वा म्हणाल्या, "दूध नासवाय कशाला लागतंय? विरजण लावून दही करा. दही देवीला चालतंय की न्हाय? मग त्या दह्याला बारीक ताप द्या. आपणच फुटतंय, पाणी सोडतंय. फडक्यात बांधा. दही ते दहीच. त्येला कोण नासकं म्हणतंय?"

"एवढंच?"

"एवढंच. पर हलवायचं न्हाय."

अव्वांनी तिथेच चुलीवर दह्याचं पातेलं ठेवलं, खाली दोनच निखारे. खोतबाईंना चुलीपुढे बसवलं. थोडा वेळ गेला आणि खोतबाईंचा हात आपोआप पळीकडे गेला. त्यांनी ढवळलं. अव्वा ओरडल्या, पण दह्याचा ताकासारखा झालेला चिखल फडक्यातून सगळा खाली गेला.

"मास्तरीणबाई, खेळ शिकवताय आन् दम न्हाय तुमास्नी?"

दुसरं पातेलं चढलं. "हात मांडीखाली घाला," अव्वा म्हणाल्या. "दोन्ही. त्येच्यावर बसा."

आणि खोतबाईंनी खरंच दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. त्या चुलीपुढे शाळेतल्या शिक्षा झालेल्या मुलीसारख्या बसून राहिल्या. धुरानं की कशानं डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पुसायलाही हात काढला नाही. बाहेर दुकानात गिऱ्हाइकं येत होती, जात होती. मी घड्याळ बघत होते. दह्याच्या कडेने पिवळसर पाणी वर आलं, मग मध्ये एक भेग पडली, आणि पांढरा थर पातेल्यापासून सुटला.

"आता," अव्वा म्हणाल्या.

भट्टीही अव्वांनी घरातच केली. मोठ्या पातेल्यात तळाला वाळू, त्यावर तूप लावलेली ताटली, वर झाकण आणि झाकणावर निखारे. राजगिरा, केळी, गूळ, कूट, काजू सगळं तेच. खोतबाई पुढचे सगळे दिवस उजाडायच्या आत त्या सोप्यात जाऊन बसायच्या आणि गरम ताटली पदराखाली धरून मैदानावर आणायच्या. अव्वांच्या घरचं म्हटल्यावर बाकीच्या मुलींनीही खाल्लं. सुवर्णाला वडील रोज म्हणत, "आज घरात ऱ्हा," आणि अव्वा रोज म्हणत, "जाऊ दे तिला, मी करून घातलंय." म्हाताऱ्या आईनं करून घातल्यावर वडिलांना बोलता येईना.

सामन्याच्या दिवशी खोतबाई रेषेबाहेर अशा येरझाऱ्या घालत होत्या की पंचांनी त्यांना दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा बाहेर काढतील म्हणून मी त्यांचा पदर धरून ठेवला होता. शेवटचा सामना आम्ही हरलो. सुवर्णाची शेवटची चढाई फसली, ती मधल्या रेषेच्या अलीकडे पकडली गेली. मुली रडायला लागल्या. खोतबाई रडल्या नाहीत, त्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चालत गेल्या आणि परत आल्या. मग शिबिराची नावं वाचायला सुरुवात झाली. एकेक नाव. प्रत्येक नावाला खोतबाई एक पाऊल पुढे टाकायच्या, जणू तेच नाव ओढून आणायचं होतं. सुवर्णाचं नाव अगदी शेवटी आलं.

मागे टोपी घातलेले तिचे वडील उभे होते. दुकान बंद करून आले होते. खोतबाईंच्या हातातली रिकामी ताटली त्यांनी मागून घेतली आणि म्हणाले, "अव्वाची हाय. द्यायला पायजे."

सुवर्णा कॉलेजात गेली. पुढे पोलिसात लागली. लग्न झालं, ते तिनं स्वतः पसंत केलेल्या मुलाशी आणि पाच-सहा वर्षं उशिरा. नवरात्रात देवळाबाहेर बंदोबस्ताला असायची. मला गर्दीतून हात धरून पुढे न्यायची आणि म्हणायची, "बाई, पायाखाली बघा."

नवरात्र संपल्यावर पत्रा पुन्हा उस्मानभाईंच्या भट्टीत गेला, पण लिंबू कायमचं सुटलं. खोतबाई दह्याचाच करू लागल्या. का विचारलं तर म्हणाल्या, "चव बरी लागतीया." एरवी त्यांच्यात काही बदललं नाही. चहा उभ्याने, भाकरी खिडकीशी, पिशवी खुर्चीवर.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते कोल्हापूर सोडताना. आजोबा गेल्यानंतर तुमच्या बाबांनी मला पुण्याला न्यायचं ठरवलं होतं. खोतबाई निवृत्त झाल्या होत्या, मैदानामागे दोन खोल्यांत राहत होत्या. चंदगडला का नाही गेलात, असं विचारलं तर म्हणत, "तिथं पाऊस हाय." शाळेत नव्या बाई आल्या होत्या, तरी सकाळच्या मुलींचा पत्रा यांच्याच घरातून जात होता. मी सामान रिक्षात घालून निघाले आणि निरोप घ्यायला त्यांच्या दारात थांबले. गाडीची वेळ मी नेहमीप्रमाणे कागदावर लिहून घेतली होती.

दार उघडं होतं. त्या पाठमोऱ्या, स्टोव्हपुढे बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या. वात बारीक. पातेल्यात दही. गळ्यातली शिटी मानेवरून मागे पाठीवर आलेली. आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले.

"खोतबाई."

"या, इनामदारबाई. आत्ता उठता येत न्हाय. बसा."

मी बाजूच्या पेटीवर बसले. मला पुष्कळ बोलायचं होतं, रिक्षात मी ते मनाशी नीट लावून ठेवलं होतं. पण त्या दह्याकडे बघत होत्या आणि मीही बघायला लागले. कडेने पाणी सुटायला लागलं होतं. त्यांचा गुडघा हलत नव्हता. बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न दिला. मी मनगटावर पाहिलं.

"बसा की जरा," त्या म्हणाल्या. "आत्ता फुटंल."

रिक्षावाल्याने पुन्हा हॉर्न दिला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी मान वळवली नाही, नुसता गाल माझ्या हाताला टेकवला.

"जावा. मला हलता येत न्हाय."

इतक्या वर्षांत आम्हा दोघींपैकी मी आधी उठून गेले, ते फक्त त्या दिवशी.